उपास असला की आईचं दुखणं कमी होतं, आणि बाळ दूध पिताना सुई कमी लागते. दोन्ही खरं कसं?

रानजाई | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे पण नीट लिहिला नाही तर उत्तरं भलतीकडे जातील म्हणून सगळंच लिहिते.

माझी आई ६८ वर्षांची. आमवात होऊन बारा वर्षं झाली, बोटांचे सांधे, मनगटं आणि आता पायाचे घोटे पण. सकाळी उठल्यावर तास दीड तास मूठ वळत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. ती एकादशी करते आणि कडक करते, म्हणजे खिचडी, वरी, रताळं वगैरे काही नाही, पाणी आणि दुपारी एक कप दूध बास. तर दरवेळी एकादशीच्या संध्याकाळी साताठ वाजता ती स्वतःहून म्हणते की आज हात हलके वाटतायत गं. पहिल्यांदा मला वाटलं देवाचा दिवस, मन प्रसन्न असतं म्हणून असेल. पण मग मी वहीत लिहायला लागले, रोज रात्री नऊला तिला विचारायचं शून्य ते दहात किती दुखतंय, तिला आजचा दिवस कुठला हे मी बोलून दाखवत नाही. गेले आठ महिने लिहिलंय. एरवी सहा सात असतं, एकादशीला तीन किंवा चार. एखाद दुसरी एकादशी सोडली तर दरवेळी हेच.

आता दुसरी गोष्ट. मागच्या महिन्यात बहिणीच्या बाळाला दीड महिन्याची लस द्यायला गेलो होतो, तिथल्या सिस्टर म्हणाल्या बाळाला अंगावर घ्या, पाजायला लागा, मग मी टोचते. आणि खरंच बाळ जेमतेम कुरकुरलं, परत प्यायला लागलं. शेजारच्या बाकावरचं बाळ मात्र टाहो फोडून रडत होतं, त्याला नुसतं आडवं धरलेलं होतं.

म्हणजे पोट रिकामं असलं तरी दुखणं कमी आणि तोंडात काही जात असलं तरी कमी. हे दोन्ही एकाच मेंदूत कसं बसतं हे मला कळेना. कुणी यावरचं संशोधन वाचलं असेल तर साध्या भाषेत सांगा.

आणि हे विचारायचं खरं कारण म्हणजे आईने आता सोमवार, गुरुवार पण धरलेत आणि त्या दिवशी "आज दुखत नाहीये ना" म्हणून गोळ्या डबीत तशाच ठेवते. मला भीती वाटते.

मज्जातंतू | मंगळवार, पहाटे ३:१५

रानजाई, तुमची वही वाचून मी जागेवरून उठून दोन मिनिटं खोलीत फिरलो. दिवस न सांगता विचारायचं हे तुम्हाला आपोआप सुचलं, आम्ही विद्यार्थ्यांना हे शिकवायला सहा महिने घालवतो.

मी सध्या अमेरिकेत पोस्टडॉक करतो, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, वेदनेवर नाही, भुकेवर. पण तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याचं उत्तर आमच्या भुकेच्याच गल्लीतून आलेलं आहे. २०१८ साली सेल या जर्नलमधे पेनसिल्वेनिया युनिव्हर्सिटीतल्या निकोलस बेटली यांच्या लॅबचा पेपर आला, पहिलं नाव अँबर अल्हाडेफ यांचं. त्यांनी उंदरांना २४ तास उपाशी ठेवलं आणि पंजात फॉर्मलिनचं अगदी थोडं इंजेक्शन दिलं. फॉर्मलिनचं दुखणं दोन टप्प्यांत येतं आणि सगळी गंमत तिथेच आहे. पहिली पाचेक मिनिटं टोचल्या भाजल्यासारखी तीव्र कळ, मग थोडा वेळ शांत, आणि साधारण पंधराव्या मिनिटापासून पुढे तासाभरापर्यंत सूज आल्यावरची ठसठस. दुखतंय किती हे उंदीर पंजा किती वेळ चाटतो त्यावरून मोजतात. तर पोटभर जेवलेल्या उंदरांनी दोन्ही वेळा पंजा चाटला, उपाशी उंदरांनी पहिल्या कळेला तेवढाच चाटला पण ठसठशीच्या वेळी खूप कमी. सुजेवरची वेदनाशामक गोळी दिल्यावर जेवढा फरक पडतो साधारण तेवढा फरक नुसत्या भुकेने.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं की भुकेल्या उंदराचं लक्षच नसेल, पण तसं असतं तर पहिली कळ पण बोथट व्हायला हवी होती. ती झाली नाही. आणि विचार केला तर ते बरोबरच आहे, तव्याचा चटका बसला तर उपाशी माणसाचा हात सुद्धा मागे आलाच पाहिजे नाहीतर हात जाईल. पण कालची लचकलेली तंगडी आज ठसठसतेय म्हणून बिळात पडून राहायचं की अन्न शोधायला बाहेर पडायचं, इथे मात्र भूक जिंकली पाहिजे. भूक सगळं दुखणं पुसत नाही, फक्त जे नंतर बघता येईल ते मागे सारते. तुमच्या आईचं दुखणं दुसऱ्या जातीचं आहे, सुजेचं, रोजचं, म्हणून मी एवढा उत्साहाने लिहितोय.

मेंदूत हे होतं कुठे ते सांगतो. हायपोथॅलॅमसच्या तळाशी आर्क्युएट न्यूक्लियस नावाचा छोटासा भाग आहे, तिथे एजीआरपी न्यूरॉन असतात, भूक लागली की ह्या पेशी पेटतात. त्यांच्या तारा मेंदूत बऱ्याच ठिकाणी जातात. त्या लोकांनी एकेक तार वेगवेगळी चालू करून बघितली, म्हणजे उंदीर जेवलेला आहे पण तेवढीच तार प्रकाशाने चेतवायची. दुखणं कमी झालं ते फक्त एका ठिकाणी जाणाऱ्या तारांमुळे, त्या जागेचं नाव पॅराब्रॅकियल न्यूक्लियस, मेंदूच्या देठात असते, जिथून मेंदू खाली मणक्याकडे उतरतो तिथे. शरीरातून वर येणारी दुखण्याची खबर ह्या नाक्यावरून जाते. आणि तिथे जाणाऱ्या एजीआरपी पेशी किती, तर जेमतेम ३००. तिथे त्या न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं रसायन सोडतात, ते वाय-१ या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्या रसायनासाठीच्या खाचेत, बसतं आणि ठसठशीची खबर दबते. तो रिसेप्टर औषधाने बंद केला की उपाशी उंदीर पण जेवलेल्यासारखाच चाटत बसतो.

२०२५ च्या ऑक्टोबरमधे ह्याच ग्रुपचा पुढचा पेपर नेचर या जर्नलमधे आलाय. त्यात असं दिसलं की दुखणं लांबलं की ह्या नाक्यावरच्या वाय-१ वाल्या पेशी सतत कुरकुरत राहतात, म्हणजे जखम जुनी झाली तरी ह्यांचं चालूच. आणि नुसती भूकच नाही तर तहान आणि भीती सुद्धा त्यांना गप्प करते. जुनाट दुखण्याच्या औषधासाठी ही जागा आता लोक फार गांभीर्याने बघतायत, कारण इथे चटक्याची तीव्र कळ न मारता फक्त लांबलेलं दुखणं दाबता येईल अशी आशा आहे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. उंदराचे २४ तास म्हणजे आपले २४ तास नव्हेत. एवढासा जीव, दिवसभर उपाशी राहिला तर त्याचं वजन दहा टक्क्यांच्या वर उतरतं. आपल्या एका एकादशीत तसं काही होत नाही. शिवाय एजीआरपी पेशी अन्न नुसतं दिसलं, वास आला तरी काही सेकंदांत शांत होतात, हे २०१५ मधे सॅन फ्रान्सिस्कोच्या झॅकरी नाइट यांच्या लॅबने दाखवलं. म्हणजे जो माणूस दिवसभर स्वयंपाकघरात साबुदाणा वडे तळतोय त्याच्या मेंदूतली भूक आणि आईसारख्या नुसत्या पाण्यावर पडून राहिलेल्या माणसाच्या मेंदूतली भूक ही एक असेलच असं नाही. तुमच्या आईचा उपास त्या प्रयोगाच्या जरा जवळ जातो एवढंच म्हणेन.

खाताना दुखणं कमी होतं तो रस्ता वेगळा आहे, तो उद्या लिहितो, आत्ता लॅबमधे जायचंय.

तुळसकट्टा | मंगळवार, दुपारी २:०५

रानजाई ताई, त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा. मी ३१ वर्षं एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका होते, उपकेंद्रात आणि वाड्या वस्त्यांवर, दर बुधवारी लसीकरण. सुरुवातीच्या काळात आम्हाला कोणी हे शिकवलं नव्हतं, उलट पिताना टोचू नका बाळाला ठसका लागेल असंच सांगायचे, मी स्वतः आयांना पदर सावरून बाळ मांडीवर आडवं धरा म्हणून दरडावलेलं आहे आणि आज ते आठवलं की वाईट वाटतं. २०१५ मधे जागतिक आरोग्य संघटनेने लस टोचताना दुखणं कमी कसं करायचं यावर पत्रक काढलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की अंगावर पिणाऱ्या बाळाला टोचताना किंवा टोचण्याच्या जरा आधी पाजावं, आईने बाळाला धरून ठेवावं, सुई आत गेल्यावर रक्त येतं का बघायला दट्ट्या मागे ओढू नये. खर्च शून्य. मग मी माझ्या सेंटरला हेच सुरू केलं. ठसका लागून कोणाला काही झालेलं मी तरी पाहिलं नाही. आवाजातच फरक असायचा, पाजणाऱ्या आईचं बाळ एकदा कळवळायचं आणि परत लागायचं, दुसरं दारापर्यंत रडत जायचं.

लवकर जन्मलेल्या बाळांचं पण सांगते, माझी भाची नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. टाचेतून रक्त घ्यायचं असलं की दोन मिनिटं आधी साखरेच्या पाण्याचे थेंब जिभेवर देतात, मोजून, २४ टक्क्यांचं. हे अमेरिकेतल्या इलियट ब्लास यांनी १९९१ मधे तान्ह्या बाळांवर दाखवलं, त्याच्या आधी उंदराच्या पिल्लांवर. पिल्लांना अफूच्या जातीच्या औषधाचा असर मारणारं औषध दिलं की साखरेचा गुण जायचा, म्हणजे गोड चव शरीरातलंच अफूसारखं काहीतरी सोडवत होती.

आमच्याकडे कान टोचायच्या वेळी सोनार सुई हातात घ्यायचा तेव्हा आजी पोराच्या तोंडात गुळाचा खडा सारायची. तिला कुठले रिसेप्टर माहीत होते, पण सुई शिरायच्या आधी गूळ विरघळायला लागला पाहिजे हे तिला पक्कं माहीत होतं, ती सोनाराला थांब म्हणायची.

पण हे वाचून कोणी घरी तान्ह्या बाळाला मध चाटवू नका गं बायांनो, एक वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही, त्यातून बोट्युलिझम होतो आणि बाळ लुळं पडतं. अंगावरचं दूध आहे ना, ते पुरेसं गोड आहे.

आडवाट | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

उपासाने दुखणं कमी होतं हे सरसकट कोणी डोक्यात घेऊ नये म्हणून लिहितोय. मला मायग्रेन आहे, विशीपासून. संकष्टीला चंद्रोदय कधी रात्री नऊला तर कधी साडेनऊला, तोपर्यंत पोटात काही नाही, आणि दुपारी चारलाच डाव्या डोळ्याच्या मागे ठोके सुरू. चंद्र दिसेपर्यंत ओकाऱ्या. पंधरा वर्षं हे केलं, घरात सगळे म्हणायचे श्रद्धा कमी पडते. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की उपासाची डोकेदुखी हे डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वेगळं नाव असलेलं दुखणं आहे, आठ तास किंवा जास्त पोट रिकामं राहिलं की येते आणि खाल्लं की जाते, आणि मायग्रेनवाल्यांना जास्त येते. ज्यू लोकांच्या योम किप्पूरला आणि रमजानच्या पहिल्या दिवसांत हीच डोकेदुखी येते, त्यावर पेपर आहेत. आता मी संकष्टीला आरती करतो, मोदक करतो आणि दुपारी व्यवस्थित जेवतो.

मज्जातंतू, तुमच्या ३०० पेशी माझ्या डोक्यात का नाही काम करत हे जमलं तर सांगा.

रानजाई | मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे खूप आभार, तुळसकट्टा मावशी तुमचं वाचून बहिणीला फोन लावला आणि वाचून दाखवलं, ती रडली.

मज्जातंतू, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक म्हणजे खाताना दुखणं कमी होतं त्याला साखर लागतेच का, की काहीही खाल्लं तरी चालतं? आणि दुसरं, आई जी भक्तीने करते त्याचा वाटा किती? मी दिवस बोलून दाखवत नसले तरी एकादशी आहे हे तिला माहीत असतंच ना.

मज्जातंतू | बुधवार, पहाटे ४:२०

आधी साखरेचं. शिकागो युनिव्हर्सिटीत पेगी मेसन आणि हेली फू यांनी ह्यावर सुंदर काम केलंय, पहिला पेपर २००५ चा आणि मला जास्त आवडतो तो २००९ चा, जर्नल ऑफ न्यूरोसायन्समधला. उंदीर भुकेले नव्हते, हे मुद्दाम लक्षात घ्या, त्यांना हवं तेवढं खायला मिळत होतं. चॉकलेटचा तुकडा कुरतडत असताना पंजाखाली उष्णता द्यायची आणि पंजा उचलायला किती वेळ लागतो बघायचं. खाताना उंदीर उशिरा उचलायचा. मग त्यांनी तोंडात नळीने थेट साखरेचं पाणी, सॅकरिनचं (गोड पण कॅलरी नसलेलं) पाणी आणि नुसतं साधं पाणी सोडून बघितलं. तिन्हींनी तेवढाच गुण आला! म्हणजे साखर नको, कॅलरी नकोत, भूक पण नको. पण खारट पाण्याने नाही आला आणि कडू क्विनीन दिलं तर अजिबात नाही. पुढे त्यांनी साखरेच्या पाण्यासोबत आजारी पाडणारं द्रव्य दिलं म्हणजे उंदराला साखरेची शिसारी बसली, आणि मग त्याच साखरेने दुखणं कमी होईना, पण चॉकलेटने होत राहिलं. तोंडात काय आहे यापेक्षा ते त्या क्षणी हवंसं आहे का यावर सगळं ठरतं.

ही वाट मेंदूच्या देठातल्याच रॅफे मॅग्नस नावाच्या भागातून जाते, ती जागा औषधाने झोपवली की पाणी पिताना मिळणारा आराम गेला. भुकेचा रस्ता पॅराब्रॅकियलच्या नाक्यावर वर येणारी खबर दाबतो, आणि खाण्याचा रस्ता रॅफे मॅग्नसमधून खाली मणक्याकडे निरोप पाठवतो की आत्ता मधे मधे करू नका, खाणं चालू आहे. मेसन यांचं म्हणणं असं की घास सुटू नये, खाणं अर्धवट राहू नये म्हणून ही सोय आहे. त्यामुळे तुमचा मूळ प्रश्न, दोन्ही एकाच मेंदूत कसं बसतं, तर उपाशी असताना दुखण्याने अन्न शोधणं थांबू नये आणि मिळाल्यावर दुखण्याने ते टाकून पळू नये, अशा दोन वेगळ्या वेळच्या दोन वेगळ्या सोयी आहेत आणि दोन्हीकडे दुखण्यालाच थांबायला सांगितलंय. मेसन यांनी ह्याची दुसरी बाजू पण लिहिली आहे, की ज्या जगात चमचमीत खाणं चोवीस तास हाताशी आहे तिथे हीच सोय हात थांबू देत नाही, खातच राहतो माणूस.

आणि भूक आणि वेदनाशमन किती जुने सोबती आहेत बघा. पीओएमसी नावाचं एक मोठं प्रथिन आहे, त्याच आर्क्युएट न्यूक्लियसमधे तयार होतं. त्याचे तुकडे होतात, एका तुकड्यातून पोट भरल्याची खबर देणारं रसायन निघतं आणि दुसऱ्या तुकड्यातून बीटा एंडॉर्फिन, म्हणजे शरीराची स्वतःची अफू. एकाच कणकेच्या गोळ्यातून दोन पोळ्या. म्हणूनच नॅलट्रेक्सोन, जे अफूचा असर मारतं आणि अफूच्या व्यसनासाठी वापरतात, ते ब्युप्रोपियॉन या दुसऱ्या औषधाबरोबर जोडून अमेरिकेत २०१४ मधे वजन कमी करायचं औषध म्हणून मान्य झालं.

तुळसकट्टा मावशींनी साखरेच्या थेंबांचं लिहिलं त्यात एक जोड द्यायची आहे, त्यांना खोडायचं नाहीये. २०१० मधे लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधे लंडनच्या रेबेका स्लेटर आणि सहकाऱ्यांनी ५९ नवजात बाळांवर टाचेतून रक्त घेताना मेंदूचे विद्युत संकेत मोजले. साखर दिलेल्या बाळांचा चेहरा कमी वेडावाकडा झाला, पण मेंदूतली दुखण्याची लाट साखरवाल्यांत आणि साध्या पाणीवाल्यांत सारखीच निघाली. तेव्हापासून वाद चालू आहे की साखर दुखणं कमी करते का फक्त रडणं. रॅफे मॅग्नसचा विचार केला तर खाली मणक्यात खबर दबली असेल तर वर लाट लहान दिसायला हवी होती, म्हणून मला हा पेपर अजून अस्वस्थ करतो. पाजणं, आईचं अंग, उब, वास हे सगळं मिळून वेगळं असतं, ते नुसत्या थेंबांच्या बरोबरीने मोजू नये असं माझं मत आहे.

भक्तीचं. १९७८ मधे लिव्हाइन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या लोकांवर प्रयोग केला. खोटं औषध घेऊन ज्यांचं दुखणं कमी झालं त्यांना नॅलॉक्सोन दिलं, जे शरीरातल्या अफूचा असर मारतं, आणि त्यांचं दुखणं वाढलं. म्हणजे विश्वासाने कमी झालेलं दुखणं सुद्धा शरीरातल्या खऱ्या रसायनाने कमी झालेलं असतं. आईच्या बाबतीत भूक किती आणि विठ्ठल किती हे वहीवरून वेगळं काढता येणार नाही, पण सोमवार गुरुवारचे आकडे एकादशीसारखेच आहेत की वेगळे एवढं बघा, त्यातून थोडा अंदाज येईल.

आडवाट, मायग्रेनच्या वेदनेची खबर चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेतून येते आणि उपास तिथे आग लावणाऱ्यांपैकी एक असतो. पंजाच्या सुजेवर केलेला प्रयोग मायग्रेनवाल्या डोक्याला लावता येत नाही. तुम्ही जेवताय हे उत्तम करताय.

स्टेथो_सोलापूर | बुधवार, सकाळी ११:३५

मी फिजिशियन आहे, आमवाताचे पेशंट रोज बघतो, म्हणून रानजाई ताईंच्या पहिल्या पोस्टच्या शेवटच्या परिच्छेदाकडे, आई गोळ्या सोडते त्याकडे वळतो, तो कोणीच धरला नाही.

ताई, आईच्या डबीत कुठली गोळी आहे ते आधी बघा. आमवातात बहुतेकांना मेथोट्रेक्सेट असते, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आता तुम्ही म्हणताय सोमवार गुरुवार उपास, आणि गोळीचा वार नेमका सोमवार असेल तर आई कित्येक आठवडे मूळ औषधच घेत नसेल आणि कोणाला कळणारही नाही. ही दुखणं थांबवायची गोळी नाहीच, सांध्याचं अस्तर सुजून हाड कुरतडतं ते थांबवायची आहे. वर मज्जातंतू यांनी जे सांगितलं ते सगळं मेंदूतलं आहे, खबर दबते, सांध्यात जे चाललंय ते चालूच राहतं. माझ्याकडे असे पेशंट आलेत की दुखत नाही म्हणून दोन वर्षं औषध बंद आणि एक्सरेत मनगटाची हाडं एकमेकांत मिसळलेली. प्रेडनिसोलोन सारखं स्टिरॉइड चालू असेल तर ते मधेच एक दिवस सोडणं आणखी वाईट, शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं, चक्कर येऊन पडू शकतात.

आणि ज्या खरंच वेदनाशामक आहेत, डायक्लोफेनॅक वगैरे, त्या उपाशीपोटी नकोच. पोटात व्रण होतो हे सगळ्यांना माहीत असतं पण पाणी कमी प्यायलेलं असताना त्या किडनीला मारतात हे माहीत नसतं. ६८ वर्षांच्या बाईने निर्जळी आणि डायक्लोफेनॅक एकत्र कधीच करू नये. मधुमेहाच्या गोळ्या असतील तर ते वेगळं सांगायलाच नको, साखर उतरून बेशुद्ध होतात.

उपासाचा सुजेवर काहीच परिणाम नाही असं मात्र मी म्हणणार नाही. १९९१ मधे लॅन्सेटमधे नॉर्वेच्या केल्डसेन-क्राग यांचा अभ्यास आला होता, आमवाताचे ५३ पेशंट, त्यातले २७ जण सात ते दहा दिवस जवळजवळ पूर्ण उपासावर, भाज्यांचं पाणी आणि काढे, आणि मग वर्षभर शाकाहार. त्यांची सूज आणि सकाळचा ताठरपणा खरंच कमी झाला. पण ते आरोग्यकेंद्रात राहून, लक्ष ठेवून केलेलं, आठवड्यात दोन दिवस सुटे उपास करून गोळी सोडणं हे ते नव्हे.

मी काय करतो सांगतो. पेशंटला उपास सोडा असं म्हटलं तर ते उपास सोडत नाहीत, डॉक्टर सोडतात. म्हणून मी गोळीचा वारच बदलतो. मेथोट्रेक्सेटसाठी उपास नसलेला वार ठरवायचा, शनिवार रात्र वगैरे, आणि कॅलेंडरवर लाल पेनाने गोल. एकादशी त्याच दिवशी आली तर दूध घेऊन गोळी, दूध उपासाला चालतंच. पण हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, आणि वही घेऊन जा, सोबत ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. दुखण्याचे आकडे खाली आणि सीआरपी वर असं दिसलं तर आई स्वतः समजेल.

आडवाट | बुधवार, दुपारी १:१०

धन्यवाद मज्जातंतू. डॉक्टर, "उपास सोडत नाहीत, डॉक्टर सोडतात" हे आमच्या घरात तंतोतंत खरं आहे.

तुळसकट्टा | बुधवार, दुपारी ३:४०

स्टेथो साहेब बरोबर बोलले. ताई, गोळ्या मोजा. पाकिटावर तारीख असते आणि किती दिल्या होत्या ते बिलावर असतं, किती उरल्यात ते मोजलं की किती चुकल्या ते कळतं. आम्ही टीबीच्या पेशंटच्या घरी असंच करायचो, विचारायचो नाही, पाणी मागायचो आणि पाकीट बघायचो.

रानजाई | गुरुवार, रात्री १०:१५

मोजल्या. मेथोट्रेक्सेटचा वार सोमवारच होता. सप्टेंबरपासून सात गोळ्या शिल्लक आहेत ज्या नसायला हव्या होत्या, म्हणजे सात आठवडे. फॉलिक अॅसिड मात्र इमानाने घेतलेलं आहे कारण ती पिवळी गोळी तिला व्हिटॅमिन वाटते.

मी ओरडले नाही. तिच्या शेजारी बसून मज्जातंतू यांचा तो लचकलेल्या तंगडीचा उंदीर वाचून दाखवला. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, म्हणजे दुखतंयच, फक्त मला सांगत नाहीयेत? मी हो म्हटलं. थोडा वेळ बोटं बघत बसली. मग म्हणाली एकादशी मी सोडणार नाही, सोमवार गुरुवार सोडते. मी म्हटलं चालेल.

सोमवार गुरुवारचे आकडे पण वहीत बघितले. त्या दिवशी ती दुपारी खिचडी आणि रताळ्याचा कीस खाते. पाच, सहा, पाच, सहा. एकादशीसारखे तीन कधीच नाहीत. मज्जातंतू, ह्यातून तुम्हाला काही कळत असेल तर सांगा. शनिवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, रक्त उद्या सकाळी देतोय.

मज्जातंतू | शुक्रवार, पहाटे २:५०

खिचडीच्या दिवशी पाच सहा, नुसत्या पाणी आणि दुधावर तीन चार. दोन्ही दिवस देवाचेच आहेत, उपास म्हणूनच धरलेले आहेत, फरक पोटात काय गेलं हाच मोठा दिसतो. एकादशीचं वजन तिच्या मनात गुरुवारपेक्षा जास्त असणार, त्यामुळे पक्कं म्हणता येत नाही, आणि गोळ्या चुकल्यात त्याचाही परिणाम आकड्यांवर असणारच. तरी वही चालू ठेवा, गोळी परत सुरू झाल्यावर पहिले दोन महिने तर नक्कीच, मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात तेव्हा लगेच आकडे उतरले नाहीत म्हणून आईने परत सोडायला नको. आणि सकाळी मूठ वळायला किती मिनिटं लागली तेही रोज लिहा, डॉक्टरांना रात्रीच्या आकड्यापेक्षा ते जास्त कामाचं असतं.